पाच सेकंद जातात कुठे? व्हीएमवरचा संथ डीएनएस रिझॉल्व्हर शोधून दुरुस्त करण्याची पद्धत

साइट हळू आहे अशी तक्रार येते. सर्व्हरवर लॉगिन करून पाहावं तर सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, डिस्कवर भार नाही. बहुतेक पानं झटकन उघडतात, पण शंभरातलं एखादं पाच सेकंद अडकतं आणि मग काहीच झालं नसल्यासारखं पुढे सरकतं. व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे व्हीएमवर, असं दिसलं की डेटाबेसच्या मागे लागण्याआधी डीएनएस तपासा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा. ॲप प्रत्येक नवीन कनेक्शनच्या आधी रिझॉल्व्हरला (पत्ता शोधून देणाऱ्या भागाला) नावावरून पत्ता विचारतं. तो प्रश्न अडकला की ॲप नुसतं थांबून राहतं. सीपीयू वापरत नाही, लॉगमध्येही काही लिहीत नाही.

"डीएनएस स्लो आहे" एवढ्यावरून पुढे जाता येत नाही. उशीर नेमका किती, हा आकडा आधी हातात हवा, कारण दोष कुठे आहे हे तोच सांगतो. २ मिलिसेकंदांच्या जागी ६० लागतात तेव्हा कारण अंतराचं असतं. ५ सेकंद लागतात तेव्हा एखादं पॅकेट हरवलेलं असतं. कधी ३, कधी ८०, कधी २०० असा आकडा नाचत असेल तर व्हीएमला सीपीयूचा वाटा वेळेवर मिळत नसतो. खालची सगळी पद्धत या आकड्यावर उभी आहे. कमांडची आणि फाइलींची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत.

मोजणी: तीन जागी आणि पुष्कळ वेळा

बहुतेक जण डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड चालवतात, २ मिलिसेकंद दिसतात, आणि डीएनएस ठीक आहे म्हणून मोकळे होतात. इथेच फसगत होते. डिग थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं आणि सहसा एकच प्रश्न विचारतं, ए रेकॉर्डचा (म्हणजे आयपीव्ही४ पत्त्याचा). तुमचं ॲप तसं करत नाही. ते लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीतल्या, म्हणजे जीलिबसीतल्या, गेटअॅडरइन्फो या फंक्शनमधून जातं. ते आधी एनएसस्विच डॉट कॉन्फ (नाव कुठे कुठे शोधायचं याची यादी) पाहतं, मग होस्ट्स फाइल, मग सर्च लिस्ट (नावापुढे जोडून पाहायच्या डोमेनांची यादी), आणि शेवटी ए आणि क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्ता) असे दोन प्रश्न एकाच वेळी पाठवतं. ॲपला त्रास देणारा दोष डिगच्या वाटेवर कधी कधी लागतच नाही.

म्हणून तीन मोजण्या घ्या. पहिली गेटएंट एहोस्ट्स आणि पुढे नाव. ही ॲपच्याच वाटेने जाते. (गेटएंट होस्ट्स वापरू नका, ते जुनं फंक्शन बोलावतं आणि दोन प्रश्न एकत्र पाठवत नाही.) दुसरी, /एटीसी/रिझॉल्व.कॉन्फमध्ये लिहिलेल्या प्रत्येक नेमसर्व्हरला (डीएनएस सर्व्हरला) डिगने वेगवेगळं विचारा. ट्राइज १ आणि टाइम १ ठेवा, नाहीतर डिग स्वतःच गुपचूप पुन्हा प्रयत्न करून चूक झाकतं. तिसरी, तुमचा रिझॉल्व्हर ज्या वरच्या सर्व्हरकडे प्रश्न फॉरवर्ड करतो, त्यालाच थेट डिगने विचारा. पहिली हळू आणि दुसरी जलद असेल तर दोष व्हीएमच्या आत. दुसरी हळू आणि तिसरी जलद असेल तर दोष तुमच्या रिझॉल्व्हरमध्ये किंवा त्याच्यापर्यंतच्या वाटेत. तिसरीच हळू असेल तर दोष त्याच्याही पुढे.

एकदा मोजून भागत नाही. शेलमध्ये लूप लावा, प्रत्येक फेरीचा वेळ फाइलमध्ये लिहा आणि किमान ५०० फेऱ्या होऊ द्या. सरासरीवर विसंबू नका. ५०० पैकी ४९७ फेऱ्या २ मिलिसेकंदांत आणि ३ फेऱ्या ५.००२ सेकंदांत आल्या, तर सरासरी निघते ३२ मिलिसेकंद. तो आकडा पाहून कोणी म्हणेल "थोडं हळू आहे, चालेल". खरं पाहता तीन ग्राहक पाच-पाच सेकंद ताटकळलेले असतात. फाइल मोठ्या आकड्याकडून लहानाकडे लावा आणि वरच्या दहा ओळी वाचा. उत्तर तिथे असतं.

वेब कॉल तपासायचा असेल तर कर्लच्या राइट-आउटमधला टाइम नेमलुकअप हा आकडा काढा. एकूण वेळातला डीएनएसचा भाग त्यात सरळ वेगळा मिळतो.

पाच आणि पाचाच्या पटी

जीलिबसीचा रिझॉल्व्हर एका सर्व्हरच्या उत्तराची ५ सेकंद वाट पाहतो आणि दोन प्रयत्न करतो. एकच नेमसर्व्हर असेल आणि तो मेलेला असेल तर १० सेकंदांनी चूक येते. दोन सर्व्हर असतील आणि पहिला मेलेला असेल, तर प्रत्येक प्रश्नाला ५ सेकंद आणि वर दुसऱ्याचे दोन-चार मिलिसेकंद लागतात. दोन्ही मेले तर २० सेकंद. सर्व्हर फाइलमधल्या क्रमानेच विचारले जातात. पहिला बंद आहे हे रिझॉल्व्हर पुढच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवत नाही, दर वेळी त्याचंच दार आधी ठोठावतो. शिवाय फक्त पहिले तीन नेमसर्व्हर वापरले जातात. चौथी ओळ कितीही काळजीने लिहिली तरी ती वाचली जात नाही.

दर वेळी न चुकता ५ सेकंद लागत असतील तर पहिला नेमसर्व्हर तपासा. याचं नेहमीचं मूळ व्हीएमच्या टेम्प्लेटमध्ये असतं. दोन वर्षांपूर्वी बनवलेल्या इमेजमध्ये तेव्हाच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता राहिलेला असतो, तो सर्व्हर पुढे काढला जातो, आणि त्या इमेजवरून क्लोन केलेलं प्रत्येक व्हीएम तो मृत पत्ता घेऊन जन्माला येतं.

फाइल दुरुस्त करण्याआधी ती कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. एलएस वजा एल चालवलं की सिमलिंक आहे का ते कळतं. १२७.०.०.५३ दिसलं तर मालक सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड ही लिनक्सची सेवा आहे. अशा वेळी खरे सर्व्हर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसमध्ये दिसतात आणि बदलही त्याच्याच कॉन्फिगमध्ये करावा लागतो. नेटवर्क मॅनेजर, क्लाउड-इनिट आणि डीएचसीपी क्लायंट हेही ही फाइल पुन्हा लिहितात. हाताने केलेली दुरुस्ती रीबूटनंतर पुसली गेली तर यांच्यापैकीच कोणीतरी पुसली. फाइलला चॅटरने कुलूप लावायचा मोह टाळा. पुढे सर्व्हर खरोखर बदलायची वेळ येते तेव्हा त्या कुलपाची आठवण कोणालाच नसते आणि तास वाया जातात.

सर्व्हर बरोबर असतील तरी ही ओळ घाला: ऑप्शन्स टाइमआउट:१ अटेम्प्ट्स:२ रोटेट. पहिला सर्व्हर कधी बंद पडला तर ५ ऐवजी १ सेकंदच जाईल, आणि रोटेटमुळे भारही वाटला जाईल. हा आराम आहे, इलाज नाही. मेलेला सर्व्हर फाइलमधून काढावाच लागतो.

अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरांना हे हिशोब लागू होत नाहीत. तिथली मसल लायब्ररी सगळ्या सर्व्हरना एकदम विचारते आणि पहिलं उत्तर घेते. पण १.२.४ या २०२३ च्या आवृत्तीआधी तिला टीसीपीवर जाता येत नव्हतं, त्यामुळे मोठ्या उत्तरांवर ती अडायची. गोमध्ये लिहिलेले प्रोग्राम बऱ्याचदा स्वतःचाच रिझॉल्व्हर वापरतात. नोडमध्ये वेगळा धोका आहे. तिथे नाव शोधण्याचं काम चार थ्रेडच्या एकाच गटावर चालतं, आणि फाइल वाचण्याचं कामही त्याच गटाकडे असतं. जुन्या आवृत्त्यांत चार प्रश्न एकदम अडकले की डिस्कवरची साधी फाइल वाचणंही पाच सेकंद थांबायचं, आणि सगळे डिस्कला दोष देत बसायचे; नव्या आवृत्त्यांत नाव शोधण्याला एका वेळी निम्मेच थ्रेड मिळतात.

मधूनच येणारे पाच सेकंद

शंभरातून एकदाच ५ सेकंद लागत असतील तर शोध अवघड होतो. इथे टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड, लागते. व्हीएमवर सगळ्या इंटरफेसवर डीएनएसचं पोर्ट ५३ ऐकत ठेवा, दुसऱ्या खिडकीत गेटएंटचा लूप चालवा, आणि पाच सेकंदांची फेरी सापडली की त्या क्षणाच्या ओळी वाचा.

सहसा दिसतं ते असं. एकाच सोर्स पोर्टवरून, काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने, दोन पॅकेटं निघतात. एकात ए रेकॉर्डचा प्रश्न, दुसऱ्यात क्वाड-एचा. मिलिसेकंदाच्या आतच एकाचं उत्तर येतं. दुसऱ्याचं येतच नाही. मग कोरी जागा. बरोबर पाच सेकंदांनी त्याच पोर्टवरून तोच प्रश्न पुन्हा जातो आणि या वेळी लगेच उत्तर मिळतं. आता होस्टच्या, म्हणजे व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालतं त्याच्या, बाहेरच्या इंटरफेसवर तेच टीसीपीडंप लावलं, तर हरवलेलं पॅकेट तिथे दिसत नाही. ते होस्टमधून बाहेर पडलेलंच नसतं.

त्याला गिळलेलं असतं लिनक्सच्या कॉनट्रॅकने, म्हणजे कनेक्शनांच्या नोंदवहीने. नॅटच्या (पत्ते बदलून पॅकेटं पुढे पाठवण्याच्या) वाटेवर प्रत्येक यूडीपी संवादाची नोंद तिथे होते. एकाच पोर्टवरची दोन पॅकेटं दोन वेगळ्या सीपीयूंवर एकाच क्षणी पोहोचली, तर दोघेही तीच नोंद करू पाहतात. एकाची होते, दुसऱ्याची नाकारली जाते, आणि त्याच्याबरोबर पॅकेटही टाकून दिलं जातं. होस्टवर कॉनट्रॅक वजा मोठा एस चालवा. इन्सर्ट फेल्ड हा आकडा पाच सेकंदांच्या फेऱ्यांबरोबर वाढत असेल तर आणखी पुरावा नको. नव्या कर्नलमध्ये ही शर्यत बरीच कमी केली आहे, म्हणून कर्नल जुनं असेल तर पहिला इलाज अपडेट.

अपडेट लगेच शक्य नसेल तर रिझॉल्व.कॉन्फच्या ऑप्शन्समध्ये सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन घाला. मग दुसरा प्रश्न नव्या सॉकेटवरून जातो. व्हीएमला आयपीव्ही६ अजिबात नसेल आणि जीलिबसी २.३६ किंवा त्यापुढची असेल तर नो-क्वाड-ए हा पर्याय आहे. दुसरा प्रश्नच जात नाही, त्यामुळे शर्यतही नाही आणि निम्मा भारही वाचतो. सगळ्यात भक्कम उपाय मात्र व्हीएममध्येच छोटा कॅशे (आधीची उत्तरं लक्षात ठेवणारा रिझॉल्व्हर) ठेवणं. ॲप १२७.०.०.१ ला विचारतं, तिथे नॅट लागत नाही, आणि कॅशे बाहेर जाताना प्रत्येक प्रश्नाला नवं पोर्ट वापरतो.

पॅकेट हरवण्याचं दुसरं कारण शोधायला सोपं आहे. होस्टच्या डीमेसेजमध्ये कॉनट्रॅकचं टेबल भरलं, पॅकेट टाकलं, अशी ओळ शोधा. सापडली तर कमाल मर्यादा वाढवा, किंवा रॉ टेबलमध्ये पोर्ट ५३ साठी नोट्रॅकचे नियम लावा, म्हणजे डीएनएसची नोंदच होणार नाही. नियम जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही दिशांना हवेत. अर्थात ज्या वाटेवर नॅट आहे तिथे हे चालत नाही, कारण नॅट नोंदीशिवाय उभंच राहत नाही.

एका नावासाठी दहा प्रश्न

उशीर थोडाच, पण प्रत्येक वेळी आहे आणि टीसीपीडंपमध्ये प्रश्नांची रांग दिसते आहे, असं असेल तर सर्च लिस्ट पाहा. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या पॉडमध्ये (कंटेनरांच्या गटात) एनडॉट्स ५ असतं. म्हणजे नावात पाचपेक्षा कमी टिंबं असली की आधी सर्च लिस्टमधलं प्रत्येक शेपूट जोडून पाहिलं जातं. पेमेंट गेटवेच्या एपीआयच्या नावात सहसा दोन किंवा तीन टिंबं असतात. क्लस्टरची तीन शेपटं आणि नोडचं एक, अशी चार नावं आधी फसतात, प्रत्येकी दोन प्रश्न. मग खरं नाव. एका नावासाठी दहा पॅकेटं जातात आणि त्यातली आठ वाया.

बाहेरच्या नावांच्या शेवटी टिंब लिहा. टिंब असलं की नाव पूर्ण आहे हे रिझॉल्व्हरला कळतं आणि तो शेपटं जोडत नाही. फक्त एचटीटीपीएसमध्ये शेवटचं टिंब काही लायब्ररींना पचत नाही, तेवढं तपासून घ्या. ते जमत नसेल तर पॉडच्या डीएनएस कॉन्फिगमध्ये एनडॉट्स २ करा. साध्या व्हीएमवर एनडॉट्स १ असतं, तिथे हा त्रास कमी. पण कंपनीची पाच-सहा जुनी डोमेन सर्च ओळीत साठली असतील तर छोट्या नावांना तोच फटका बसतो. वापरात नसलेली निर्दयपणे काढा.

याच्याच शेजारचा एक दोष एनएसस्विच डॉट कॉन्फमध्ये राहतो. होस्ट्सच्या ओळीत एमडीएनएस४ मिनिमल असेल आणि ऑफिसची अंतर्गत नावं डॉट लोकलने संपत असतील, तर नाव आधी मल्टिकास्टवर शोधलं जातं. कोणी उत्तर देत नाही आणि वेळ जातो. सर्व्हरच्या व्हीएमवर या शब्दाचं काही काम नाही, काढून टाका. एसएसएचने लॉगिन होताना पासवर्डआधीच उशीर होत असेल तर उलटी नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव, तपासा. ओपनएसएसएचमध्ये यूज डीएनएस ६.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, मुळात बंद असतं, पण जुन्या कॉन्फिग फाइली ते चालूच ठेवतात. सुडो अडत असेल तर व्हीएमचं स्वतःचं नाव होस्ट्स फाइलमध्ये आहे का पाहा. क्लोन केल्यावर नाव बदलतात आणि ती ओळ विसरतात.

हायपरवायझरचा, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, थर

लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स असेल तर नॅटमध्ये १०.०.२.३ हा पत्ता डीएनएससाठी दिलेला असतो आणि त्यामागे होस्टचे सर्व्हर असतात. बीकेसीच्या ऑफिसातून लॅपटॉप डोंबिवलीला घरी नेला, वायफाय बदललं, व्हीपीएन जोडलं, तरी चालू व्हीएमला जुन्या नेटवर्कचेच सर्व्हर माहीत असू शकतात. व्हीएम बंद करून व्हीबॉक्समॅनेजच्या मॉडिफायव्हीएमने नॅट डीएनएस होस्ट रिझॉल्व्हर चालू करा. मग प्रश्न होस्टच्या ऑपरेटिंग सिस्टमकडून सोडवले जातात आणि नेटवर्क बदललं तरी फरक पडत नाही. हायपर-व्हीच्या डीफॉल्ट स्विचमध्ये रीबूटनंतर पत्त्यांचा पट्टाच बदलू शकतो, म्हणून व्हीएममध्ये गेटवेचा आयपी हाताने नेमसर्व्हर म्हणून लिहिणं धोक्याचं.

केव्हीएम या लिनक्सच्या हायपरवायझरवर लिबव्हर्ट या व्यवस्थापकाचं डीफॉल्ट नेटवर्क १९२.१६८.१२२.० चं असतं आणि १९२.१६८.१२२.१ वर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर ऐकत असतो. त्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. लिबव्हर्ट त्याला स्ट्रिक्ट-ऑर्डरने चालवतं, म्हणजे होस्टच्या यादीतला पहिला सर्व्हर आजारी असला तरी आधी त्यालाच विचारायचं. त्यामुळे होस्टवरची एक चुकीची ओळ सगळ्या व्हीएमना भोवते. दुसरी गोष्ट, डीएनएसमास्कच्या कॅशेत मुळात १५० नोंदीच मावतात आणि एका वेळी १५० प्रश्नच पुढे जातात. दहा-बारा व्हीएम एका होस्टवर असली तर हे पुरत नाही. लॉगमध्ये एका वेळच्या प्रश्नांची कमाल संख्या गाठली अशी ओळ येते. व्हर्शच्या नेट-एडिटने डीएनएस विभागात चांगला फॉरवर्डर लिहा. बदल लागू करायला नेटवर्क बंद करून चालू करावं लागतं आणि तेवढ्यात चालू व्हीएमचं नेट तुटतं, तेव्हा हे काम दुपारी बारा वाजता करू नका.

आकडा नाचत असेल तर व्हीएमस्टॅट १ चालवून एसटी हा स्तंभ पाहा. तो स्टील टाइम: व्हीएमला सीपीयू हवा होता पण हायपरवायझरने दुसऱ्याला दिला. डीएनएसचं काम एकेक पाहिलं तर अगदी छोटं, पण ते लगेच व्हायला हवं. म्हणून बाकी सगळं ठीक वाटत असतानाही डीएनएसला स्टील टाइम आधी जाणवतो. व्हीएमवेअरमध्ये याचं नाव सीपीयू रेडी. चालू तक्त्यात २० सेकंदांची बेरीज मिलिसेकंदांत दाखवतात, तिला २०० ने भागलं की टक्के मिळतात. प्रत्येक व्हीसीपीयूमागे १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के, आणि रिझॉल्व्हरसाठी तेवढे फार झाले. उपाय बऱ्याचदा उलटा असतो: आठ व्हीसीपीयू दिलेल्या रिझॉल्व्हरला दोनच द्या, पण तेवढ्यांचं रिझर्व्हेशन ठेवा. नेटवर्क कार्ड ई१००० असेल तर केव्हीएमवर व्हर्टआयओ, व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट३ लावा.

रोज रात्री ठरलेल्या वेळीच डीएनएस अडखळत असेल तर बॅकअपचं वेळापत्रक काढा. स्नॅपशॉट घेताना व्हीएम क्षणभर गोठतं. दोन्ही रिझॉल्व्हर एकाच होस्टवर आणि एकाच बॅकअप जॉबमध्ये असतील तर दोन असून उपयोग नाही. त्यांना वेगळ्या होस्टवर बांधा आणि बॅकअपच्या वेळा वेगळ्या ठेवा. आणि सस्पेंड केलेलं व्हीएम परत उठवलं की घड्याळ तपासा. घड्याळ मागे राहिलं तर डीएनएससेकच्या (उत्तर खरं आहे हे पटवणाऱ्या) सह्या अवैध ठरतात, सर्व्हफेल (उत्तर देता आलं नाही अशा चुका) येतात आणि ॲप पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतं. घड्याळ जुळवणारी क्रोनी ही सेवा चालू असली की हा प्रश्न सहसा मिटतो.

क्लाउडची मर्यादा

ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये (ते २०१६ पासून आहे) व्हीपीसीचा, म्हणजे तुमच्या खासगी नेटवर्कचा, रिझॉल्व्हर पत्त्यांच्या पट्ट्याच्या दुसऱ्या पत्त्यावर मिळतो, १०.०.०.०/१६ असेल तर १०.०.०.२. शिवाय १६९.२५४.१६९.२५३ वरही. एका नेटवर्क इंटरफेसमागे तिथे सेकंदाला १०२४ पॅकेटं चालतात, आणि ही मर्यादा वाढवून मिळत नाही. त्यापुढची पॅकेटं गुपचूप टाकली जातात. ॲपला ते हरवलेलं पॅकेटच वाटतं, म्हणजे पुन्हा पाच सेकंद.

१०२४ हा आकडा मोठा वाटतो. सेकंदाला १०० विनंत्या येतात, प्रत्येक विनंती पाच वेगळ्या नावांशी नवं कनेक्शन करते, प्रत्येक नावाला दोन प्रश्न: १००० पॅकेटं झाली. सर्च लिस्टचं एक फालतू शेपूट जोडलं की दुप्पट. सणाच्या सेलच्या संध्याकाळी ही मर्यादा ओलांडली जाते आणि एरवी कधीच नाही, म्हणून चाचणीत ती सापडत नाही. ईथटूल वजा मोठा एस चालवून लिंकलोकल अलाउन्स एक्सीडेड हा काउंटर पाहा. तो शून्याहून मोठा असून वाढत असेल तर कारण हेच.

उपाय म्हणजे प्रत्येक व्हीएमवर कॅशे. सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड असेल तर कॅशे त्याच्याकडे आहेच. रिझॉल्व्हसीटीएल स्टॅटिस्टिक्समध्ये हिट आणि मिस पाहा. नसेल तर डीएनएसमास्क किंवा अनबाउंड हा रिझॉल्व्हर लावा. कुबरनेटीसवर नोडलोकल डीएनएसकॅशे लावा, त्याचा नेहमीचा पत्ता १६९.२५४.२०.१०. कनेक्शन पूल वापरणं याहूनही चांगलं, कारण जुनं कनेक्शन पुन्हा वापरलं तर नाव विचारावंच लागत नाही.

साठ मिलिसेकंदांचा उशीर

प्रत्येक नव्या नावाला साधारण ६० मिलिसेकंद लागत असतील तर प्रश्न परदेशात जाऊन येतो आहे का ते पाहा. व्हीएम महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये, पण मुख्य कार्यालयाच्या धोरणामुळे फॉरवर्डर सिंगापूरला, ही मांडणी मुंबईच्या कंपन्यांमध्ये सर्रास आढळते. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, राउटर मध्ये असतात, म्हणून प्रत्यक्षात ६० च्या आसपास. कोणतीही सेटिंग हे कमी करू शकत नाही. अंतर्गत डोमेनपुरतेच प्रश्न सिंगापूरला पाठवा, बाकी सगळे मुंबईतच सोडवा. अनबाउंडमध्ये त्या डोमेनसाठी फॉरवर्ड-झोन लिहिला की झालं.

यात आणखी एक नुकसान दडलेलं असतं. बऱ्याच सीडीएन (फाइली जवळच्या सर्व्हरवरून देणाऱ्या) सेवा रिझॉल्व्हर कुठे आहे ते पाहून जवळचा सर्व्हर देतात. रिझॉल्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईतल्या व्हीएमला सिंगापूरचा सर्व्हर मिळतो आणि पुढचा प्रत्येक डाउनलोड समुद्र ओलांडून येतो. डीएनएसचे ६० मिलिसेकंद त्या मानाने किरकोळ ठरतात. रूट सर्व्हर अमेरिकेत असल्यामुळे उशीर होतो, ही समजूत मात्र सोडून द्या. रूटची नावं १३ असली तरी त्यांच्या प्रती जगभर आहेत, मुंबईतही आहेत, आणि रूटला वारंवार विचारावंही लागत नाही.

काही नावांनाच उशीर, तोही दर वेळी, असं असेल तर उत्तराचा आकार पाहा. व्हीएक्सलॅनचं (एका नेटवर्कच्या आत दुसरं नेटवर्क चालवण्याचं) आवरण ५० बाइट खातं, म्हणून १५०० च्या वाटेवर आतला एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४५० हवा. तो १५०० च राहिला असेल तर मोठी उत्तरं वाटेत फुटतात आणि तुकडे हरवतात. डिगला बफसाइज ४०९६ देऊन आणि मग १२३२ देऊन तोच प्रश्न विचारा. पहिला अडकला आणि दुसरा गेला तर निदान झालं. १२३२ हा आकडा २०२० च्या डीएनएस फ्लॅग डेपासून शिफारशीत आहे; रिझॉल्व्हरमध्ये ईडीएनएस बफर (यूडीपी उत्तराचा कमाल आकार) तेवढाच ठेवा. आणि फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ टीसीपीसाठीही उघडा आहे ना, ते डिगला टीसीपी सांगून तपासा. डीएनएस म्हणजे यूडीपी, असं धरून टीसीपी बंद ठेवलेलं फार ठिकाणी सापडतं.

स्वतःचा रिझॉल्व्हर असेल तर

अनबाउंड मुळात एकाच थ्रेडवर चालतो आणि त्याचे दोन्ही कॅशे ४-४ एमबीचे असतात. ४ जीबीच्या, दोन व्हीसीपीयूच्या व्हीएमवर नम-थ्रेड्स २, मेसेज कॅशे १२८ एमबी आणि आरआरसेट कॅशे त्याच्या दुप्पट, २५६ एमबी ठेवा. प्रत्यक्ष मेमरी या बेरजेच्या अडीच पटीपर्यंत जाते, तेवढी जागा धरा. प्रीफेच चालू करा. आयुष्य संपत आलेली, पण लोक अजून विचारताहेत अशी नोंद तो आधीच ताजी करतो. सर्व्ह-एक्स्पायर्ड चालू केलं तर वरचा सर्व्हर बंद असतानाही जुनं उत्तर मिळत राहतं. व्हीएमला बाहेर जाणारा आयपीव्ही६ नसेल तर डू-आयपी६ नो करा, नाहीतर न पोहोचणाऱ्या पत्त्यांवर प्रयत्न वाया जातात. बाइंड हा दुसरा रिझॉल्व्हर असेल तर तेच काम वजा ४ देऊन होतं. बाइंडमध्ये एका वेळच्या रिकर्सिव्ह ग्राहकांची मर्यादा मुळात १००० असते. आरएनडीसी स्टेटसमध्ये आकडा तिच्या जवळ दिसला तर आधी वरचा कोणता सर्व्हर अडकलाय ते शोधा, मर्यादा नंतर वाढवा.

गर्दीच्या वेळीच प्रश्न हरवत असतील तर एनस्टॅटमध्ये यूडीपी रिसीव्ह बफर एरर्स पाहा. वाढत असतील तर कर्नलपर्यंत आलेली पॅकेटं रिझॉल्व्हरने उचलण्याआधीच सांडली. सो-आरसीव्हीबफ ४ एमबी करा, आणि कर्नलचा आरमेम-मॅक्सही तेवढा वाढवा. बऱ्याच कर्नलमध्ये तो मुळात २१२९९२ बाइट असतो आणि तसाच राहिला तर रूट परवानगीशिवाय सुरू झालेल्या अनबाउंडला मागितलेली जागा मिळत नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तोच ५०० फेऱ्यांचा लूप, त्याच व्हीएमवरून, दिवसाच्या त्याच वेळी चालवा. कॅशे गरम असताना सगळंच छान दिसतं, म्हणून निम्म्या फेऱ्या कॅशे रिकामा करून घ्या. वरच्या दहा ओळींतून पाचाचे आकडे गेले की तो लूप क्रॉनमध्ये टाकून आठवडाभर चालू ठेवा, सोमवारची सकाळ आणि महिन्याची पहिली तारीख त्यात येईल असं पाहा, आणि कमाल वेळ १ सेकंदाच्या वर गेला की अलर्ट येऊ द्या. मग व्हीएमच्या टेम्प्लेटमध्ये जा आणि तिथलाही जुना नेमसर्व्हर काढा.